देवगडला आईच्या स्मार्टवॉचची काच एका बाजूने उचलली गेली आहे. दुकानदार म्हणतो फेविक्विक लावून दाबून देतो. चालेल का?

नाही, चालणार नाही. आधी आईला फोन करून घड्याळ हातातून काढायला सांगा, बाकीचं उत्तर नंतर वाचा.

तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या आहेत: पूर्वी चार्ज पाच दिवस टिकायचा तो आता दीड दिवसात संपतो, चार्जिंगला लावलं की घड्याळ गरम होतं, आणि बटणाच्या बाजूने काच वर आली आहे. एकेकटीला दुसरं कारण असू शकतं. किनाऱ्यावर खारी हवा, घाम आणि खाडीचं पाणी यांनी काचेखालची चिकटपट्टी सुटते, हे अगदी नेहमीचं आहे. पण तिन्ही एकत्र आली की बॅटरी फुगली असंच धरून चालायचं. खात्री करायला काच अंगठ्याने दाबून बघू नका. फोन सपाट टेबलावर ठेवून डुगडुगतो का बघतात, ती युक्तीही इथे कामाची नाही, कारण बहुतेक घड्याळांची पाठ सेन्सरमुळे मुळातच फुगीर असते. घड्याळ डोळ्यांच्या रेषेत धरून मागे उजेड ठेवा आणि फट बघा. गोंद सुटलेला असेल तर फट सहसा सारखी दिसते. एका बाजूला पाचर ठोकल्यासारखी रुंद होत गेली असेल, बटण जड झालं असेल किंवा स्क्रीनवर पिवळट डाग आला असेल, तर आतून काहीतरी ढकलतंय.

ढकलतो तो गॅस. घड्याळातला सेल म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पाकिटात बंद केलेला लिथियम पॉलिमर सेल, जाडी साधारण 3 ते 5 मिलिमीटर. आतलं इलेक्ट्रोलाइट (वीज वाहू देणारं रसायन) उष्णतेने आणि जास्त व्होल्टेजने हळूहळू विघटित होतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन, हायड्रोजन असे वायू सुटतात. थोडी फुगवट प्रत्येक सेलला वयानुसार येतेच, म्हणून घड्याळ बनवताना थोडी जागा मोकळी सोडलेली असते. काच उचलली जाते तेव्हा ती जागा संपलेली असते. आता दुकानदार काच दाबून चिकटवणार म्हणजे त्याच पाकिटावर कायमचा दाब ठेवणार. आतल्या दोन थरांमधला पडदा केसाहून पातळ असतो. तो एका जागी जरी फाटला तर आत शॉर्ट सर्किट होऊन सेल पेटू शकतो. त्यात फेविक्विकने सगळ्या फटी बुजल्या की गॅसला वाट राहत नाही. दुकानदाराचा हेतू वाईट नसेल, पण हा उपाय घड्याळ न दुरुस्त करण्यापेक्षाही धोक्याचा आहे.

घड्याळाची बॅटरी फोनच्या मानाने लहान असते हे खरं. 300 एमएएचचा सेल 3.85 व्होल्टने धरला तर साठा सुमारे 1.15 वॉट-तास, म्हणजे 4 हजार ज्यूलच्या आसपास. घर पेटवायला तो एकटा क्वचितच पुरेल, पण घड्याळ घट्ट पट्ट्याने मनगटाला बांधलेलं असतं. खिशातला फोन झटकून टाकता येतो, झोपेत पांघरुणाखालचं घड्याळ नाही. फिटबिट कंपनीने मार्च 2022 मध्ये आयोनिक हे घड्याळ परत मागवलं, तेव्हा एकट्या अमेरिकेत बॅटरी तापल्याच्या 115 आणि भाजल्याच्या 78 तक्रारी होत्या, त्यातल्या दोन थर्ड डिग्रीच्या, म्हणजे फार खोल भाजल्याच्या. जगभरात विकलेली घड्याळं सुमारे 17 लाख होती, म्हणजे प्रमाण फार नाही. ज्याचं फुगलेलं दिसतंय त्याला मात्र हा हिशेब लावू नका. आईला मधुमेह असेल आणि हाताला बधिरपणा असेल, तर गरम झालेलं वेळेत कळणारही नाही. रात्री घालून झोपणं आजपासून बंद.

काढल्यावर काय करायचं ते आईला नीट समजावून सांगा. चार्जरला परत लावायचं नाही, एकदाही नाही, फोटो किंवा डेटा काढायला म्हणूनही नाही. मेन्यूतून बंद होत असेल तर बंद करायचं, नाहीतर तसंच राहू द्यायचं. मग घराबाहेर ठेवायचं. खळ्यात भिंतीपासून दूर जांभ्याचा चिरा असेल तर त्यावर मातीची कुंडी, कुंडीत कोरडी वाळू, वाळूत घड्याळ. वाळू बांधकामाची घ्यायची, पुळणीवरची नको, कारण तिच्यात मीठ असतं आणि मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. पावसाचे दिवस असतील तर पडवीच्या टोकाला, पण सोडणं (नारळाची सालं), झावळ्या, जाळी आणि पेट्रोलचा कॅन यांपासून दहा-बारा फूट लांब. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू नका. फ्रीजमध्ये मुळीच नको. तिथून बाहेर काढल्यावर घड्याळाच्या आत पाणी धरतं, आणि बंद जागेत गॅस साठला तर ते वेगळंच संकट.

नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला, तर पाकीट फुटून इलेक्ट्रोलाइट बाहेर येतंय. हात लावायचा नाही, वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभं राहायचं. धूर किंवा ज्वाळा दिसल्या तर लांबून बादलीभर पाणी मारा आणि मारत राहा. लिथियमवर पाणी टाकलं की स्फोट होतो, ही भीती धातूरूप लिथियमच्या बाबतीत खरी आहे. या सेलमध्ये तसं लिथियम फार थोडं असतं, आणि पाणी सेल थंड करतं, वाळू फक्त झाकते. धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो, तो फुप्फुसाला फार वाईट, म्हणून घरात घडलं तर आधी माणसं बाहेर. त्वचेवर भाजलं किंवा द्रव लागला तर 20 मिनिटं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांतलं काही नको. डॉक्टरांना "लिथियम बॅटरीमुळे भाजलंय" हे मुद्दाम सांगा, कारण फ्लोराइडच्या भाजण्यावर उपचार वेगळा असतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बॅटरी बदलून घ्यावी का. दीड-दोन हजारांच्या घड्याळासाठी माझं स्पष्ट मत: नको. महागडं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडेच. कारण असं की सेल मापाने बसला म्हणजे जुळला असं होत नाही. सेलवर 302530 असा आकडा असतो: जाडी 3.0, रुंदी 25, लांबी 30 मिलिमीटर. दुकानात एवढंच जुळवून बघतात. पण 3.7 व्होल्ट लिहिलेला सेल 4.2 व्होल्टपर्यंत भरायचा असतो आणि 3.85 लिहिलेला 4.4 पर्यंत. घड्याळातलं सर्किट 4.4 ला थांबणारं आणि आत 3.7 चा सेल टाकला, तर तो रोज मर्यादेबाहेर भरला जातो आणि नवा असूनही लवकर फुगतो. दुसरी चूक वायरींची. मूळ सेलला तीन वायरी असतील तर तिसरी बहुधा तापमान कळवणारी असते. दोन वायरींचा सेल लावून तिसरीच्या जागी नुसता रेझिस्टर जोडला की घड्याळाला बॅटरी कायम थंडच वाटते. आणि उघडताना फुगलेल्या सेलवर हीट गन किंवा हीट प्लेट चालवणारा, किंवा स्टीलचं पातं घालणारा कारागीर दिसला, तर घड्याळ तिथून परत घ्या. फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून प्लास्टिकच्या पत्तीने, बॅटरीची बाजू टाळून उघडायचं असतं.

वॉरंटी असो वा नसो, चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, शेजारी पट्टी ठेवून फट किती मिलिमीटर आहे ते दिसू दे. अनुक्रमांक आणि बिल यांचाही फोटो घ्या आणि कंपनीला लेखी कळवा की बॅटरी फुगली आहे. "पाणी गेलंय" म्हणून हात झटकले तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. घड्याळ साध्या कुरियरने, पोस्टाने किंवा एसटीच्या पार्सलमधून पाठवू नका. कंपनीलाच योग्य पॅकिंगसह उचलून न्यायला सांगा. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, तेव्हा ही मागणी उपकाराची नाही. ग्रामपंचायतीच्या कचऱ्यात, पाचोळ्याच्या जाळात किंवा खाडीत तर टाकायचंच नाही.

नवं घेणारच असाल तर आपल्याकडच्या हवेला धरून काही सवयी लावा. आयपी68 या धूळ-पाणी रोखण्याच्या दर्जाची चाचणी गोड्या पाण्यात होते, खाऱ्या पाण्याची हमी त्यात नाही. 5 एटीएम म्हणजे स्थिर पाण्याचा 50 मीटर खोलीइतका दाब, आणि तोही रबर-गोंद नवे असतानाच. शिंपल्या काढायला खाडीत उतरताना घड्याळ घरी राहू दे. खारं पाणी लागलंच तर नळाखाली धुवा आणि चार्जिंगच्या पिना कोरड्या झाल्याशिवाय चार्जरवर ठेवू नका. ओल्या पिनांवर वीज गेली की हिरवट-काळा थर चढतो आणि पुढे त्याच जागी उष्णता धरते. जुन्या मऊ टूथब्रशने महिन्यातून एकदा घासल्या तर पुरे. चार्जिंग 0 ते 45 अंशांच्या मधेच व्हायला हवं. मे महिन्यात कलमांच्या बागेतून किंवा स्कूटरच्या डिकीतून आलेलं घड्याळ अर्धा तास सावलीत निवू द्या. फोनचा 33 वॉटचा चार्जर लावला म्हणून बॅटरी फुगते, हा समज बहुधा चुकीचा आहे. किती करंट घ्यायचा ते घड्याळातलं सर्किट ठरवतं. धोका मूळ चुंबकी केबलऐवजी घेतलेल्या सैल, स्वस्त केबलचा जास्त.

आणखी एक गोष्ट चाकरमान्यांच्या घरात फार होते. मुलाने मुंबईहून आणलेलं घड्याळ आई जपून कपाटात ठेवते आणि थेट गणपतीला काढते. तोवर सेल पार उतरलेला असतो. तसा तो बराच काळ राहिला की आतलं तांबं विरघळू लागतं, आणि नंतर चार्ज करताना तेच नको तिथे जमा होऊन आत शॉर्ट होऊ शकतो. कपाटात ठेवायचंच तर निम्मं चार्ज करून, बंद करून, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा निम्म्यापर्यंत आणायचं. इतके महिने पडून राहिलेलं घड्याळ पहिल्यांदा चार्जिंगला लावताना तासभर नजरेसमोर, लादीवर ठेवा. कोमटपेक्षा जास्त गरम लागलं तर लगेच काढा आणि पुन्हा लावू नका.