मथळा सर्वांत शेवटी लिही

प्रिय चिरंजीव,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र आणि लेखाचा खर्डा परवा मिळाला. अमेरिकेत उगम पावलेल्या मॉर्मन पंथाच्या चर्चने २०१८ साली बंगळुरूमध्ये मंदिर बांधण्याची घोषणा केली. त्या निमित्ताने रविवारच्या पुरवणीसाठी या पंथाची ओळख करून देण्याचे काम तुझ्याकडे आले, याचा मला मनापासून आनंद झाला. खर्डा मी दोनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे, वाक्ये कुठे अडत नाहीत. मात्र 'अनेक बायकांच्या पंथाचे मंदिर भारतात' हा मथळा तू आधी लिहिलास आणि नंतर मजकूर जमवलास, हे लपत नाही. कारण त्या मथळ्याला सोयीचे तेवढेच पुढे आले आहे आणि बाकीचे वाटेत गळून पडले आहे. हे पत्र त्यामुळे थोडे लांबेल.

तुला हे सांगण्याचा अधिकार मला माझ्याच एका चुकीमुळे मिळाला आहे. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात एल्डोरॅडो गावाजवळच्या एका वसाहतीवर सरकारी यंत्रणेने छापा घातला आणि चारशेहून अधिक मुले ताब्यात घेतली. मी त्या रात्री डेस्कवर होतो. वृत्तसंस्थेच्या बातमीत त्या गटाचे पूर्ण नाव होते, पण ते लांबलचक होते आणि माझ्याकडे दोन स्तंभांची जागा होती. मी 'मॉर्मन वसाहतीवर छापा' असा मथळा देऊन पान सोडले. चार दिवसांनी एक निवृत्त शिक्षक कार्यालयात आले. ते पान त्यांनी नीट घडी घालून आणले होते आणि मथळ्याखाली निळ्या शाईची रेघ ओढली होती. त्यांची मुलगी युटा राज्यात शिकत होती, आणि ती आजारी असताना शेजारच्या ज्या कुटुंबाने पंधरा दिवस तिला घरचे जेवण पोहोचवले, ते कुटुंब मॉर्मन होते. त्यांनी आवाज न चढवता एवढेच विचारले, "हे लोक तेच का?"

ते नव्हते. टेक्सासमधील वसाहत मूलतत्त्ववादी म्हणवणाऱ्या एका वेगळ्या गटाची होती. युटामधील सॉल्ट लेक सिटीतील मुख्य चर्चने बहुपत्नीत्वाची प्रथा १८५२ मध्ये उघडपणे जाहीर केली होती हे खरे. परंतु १८९० मध्ये तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी जाहीरनामा काढून ती मागे घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तर असा विवाह करणाऱ्याला चर्चमधून काढून टाकण्यात येऊ लागले. प्रथा न सोडणारे बाहेर पडले आणि त्यांतूनच हे गट निघाले. २००८ च्याच मे महिन्याच्या अखेरीस टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या आईवडिलांच्या बाजूने निर्णय दिला, तोही आम्ही आतल्या पानावर चार ओळींत छापला. माझ्या मथळ्याचा खुलासा मात्र छापला नाही. तो छापायला हवा होता, असे मला आजही वाटते.

तू म्हणशील, ही जुनी गोष्ट झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात तीन स्त्रिया आणि सहा मुलांची हत्या झाली, तेव्हाही जगभरातील कित्येक मथळ्यांत 'मॉर्मन कुटुंब' हेच दोन शब्द होते. ती कुटुंबे बहुतांशी मुख्य चर्चच्या बाहेरच्या परंपरेतील होती. म्हणून लेखाला हात घालण्यापूर्वी आपण नेमके कोणाविषयी लिहीत आहोत, याचे उत्तर एका वाक्यात लिहून समोर ठेव.

नावाचा प्रश्न त्याच्याशीच जोडलेला आहे. 'मॉर्मन' हे नाव मुळात बाहेरच्यांनी, त्यांच्या 'बुक ऑफ मॉर्मन' या ग्रंथावरून आणि बरेचसे हिणवण्यासाठी ठेवलेले होते. नंतर त्यांनीच ते आपलेसे केले, इतके की २०११ च्या सुमारास चर्चने स्वतः 'मी मॉर्मन आहे' अशा अर्थाची मोठी जाहिरात मोहीम चालवली. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी हे टोपणनाव सोडून 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे पूर्ण नाव वापरण्याचे आवाहन केले, आणि असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने पुढच्याच वर्षी आपल्या लेखनसंकेतात त्याची दखल घेतली. माझे मत विचारशील तर पूर्ण नाव लेखात आरंभीच एकदा दे, त्यांना काय म्हणवून घेणे आवडते ते सांग, आणि वाचकाला ओळखीचा 'मॉर्मन' हा शब्दही ठेव. एखाद्या समूहाचे नाव बाहेरच्यांच्या तोंडी पडले की त्याचे काय होते, हे आपल्या भाषेने पाहिलेले आहे. महानुभावांच्या नावापासून 'मानभावी' हा शब्द झाला आणि 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण आपण त्या पंथाचे एक पानही न वाचता पिढ्यान्पिढ्या वापरत आलो.

आता तुझ्या खर्ड्यात अजिबात नसलेल्या गोष्टीकडे येतो. या चर्चचा इतिहास आणि वृत्तपत्रांचा इतिहास पहिल्या दिवसापासून एकमेकांत गुंतलेले आहेत. न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा गावी ज्या छापखान्यात १८३० मध्ये 'बुक ऑफ मॉर्मन' छापले जात होते, त्याच छापखान्यात ॲबनर कोल नावाचा संपादक आपले छोटेसे साप्ताहिक छापून घेत असे. त्याने पुस्तक बाहेर पडण्याआधीच त्यातील उतारे परवानगीवाचून छापले आणि पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला येऊन त्याला अडवावे लागले. म्हणजे चर्च रीतसर स्थापन होण्यापूर्वीच वृत्तपत्राशी पहिले भांडण झाले होते. तीन वर्षांनी मिसुरीतील इंडिपेंडन्स येथे जमावाने मॉर्मनांचाच छापखाना मोडून टाकला.

परंतु खरा अभ्यास करण्याजोगा प्रसंग १८४४ चा आहे. इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी नॉवू नावाचे शहर मॉर्मनांनी वसवले होते, आणि स्मिथ तिथे धर्मगुरू तर होताच, शिवाय महापौरही होता. त्याच्यापासून फुटलेल्या विल्यम लॉ आणि इतरांनी ७ जून रोजी 'नॉवू एक्स्पोझिटर' या चार पानी पत्राचा पहिला अंक काढला. स्मिथ गुपचूप बहुपत्नीत्व शिकवतो आणि धर्माची व शहराची सत्ता एकाच हातात एकवटतो, असे त्यात छापले होते. नगरपालिकेने बैठका घेऊन ते पत्र म्हणजे सार्वजनिक उपद्रव असल्याचा ठराव केला, आणि १० जून रोजी शहराचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, माणसे घेऊन गेला. मुद्रणयंत्र रस्त्यावर आणून मोडले, छपाईच्या अक्षरांचे खिळे उधळून टाकले आणि हाती लागलेले अंक जाळले. ज्यांनी असे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली आहे, त्यांना उधळलेल्या खिळ्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. दुसरा अंक निघालाच नाही.

एवढेच सांगून थांबलीस तर तू अर्धीच गोष्ट सांगशील. जवळच्याच वॉर्सा गावात 'वॉर्सा सिग्नल' हे पत्र होते आणि टॉमस शार्प त्याचा संपादक होता. छापखाना मोडल्याची बातमी कळताच त्याने वाचकांना उठावाची हाक दिली, आणि आता भाष्य करायला वेळ नाही, ज्याचे त्याने ते बंदुकीच्या दारूने आणि गोळीने करावे, या अर्थाचा मजकूर छापला. २७ जून रोजी कार्थेज गावच्या तुरुंगात शिरून जमावाने, छापखान्याच्या प्रकरणानंतर तिथे कैदेत असलेल्या जोसेफ स्मिथ आणि त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घालून ठार केले. पुढच्या वर्षी जे पाच जण आरोपी म्हणून उभे राहिले त्यांत हा संपादकही होता, आणि पाचही निर्दोष सुटले. तीन आठवड्यांच्या आत एका वृत्तपत्राचा गळा दाबला गेला आणि दुसऱ्या वृत्तपत्राने खुनाला चिथावणी दिली. एक्स्पोझिटरमधील बहुपत्नीत्वाचा आरोप खरा होता, हे आज चर्चही नाकारत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात, एकमेकींना न झाकता मांडता आल्या तर तुझा लेख उभा राहील.

यानंतर १३ जुलै १८५९ हा दिवस पाहा. 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चा संपादक होरेस ग्रीली वाळवंट तुडवत, स्मिथच्या खुनानंतर मॉर्मन जिथे जाऊन वसले त्या सॉल्ट लेक सिटीला पोहोचला आणि स्मिथचा वारस ब्रिगहॅम यंग याच्यासमोर सुमारे दोन तास बसला. पूर्वेकडची पत्रे तोवर यंगला राक्षस ठरवून मोकळी झाली होती, आणि ती बहुतेक ऐकीव माहितीवर. ग्रीलीने सरळ प्रश्न विचारले: गुलामगिरीविषयी काय मत आहे, उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यावा लागतो तो कोणत्या नियमाने, विरोधकांना संपवणारी टोळी तुम्ही बाळगता असे म्हणतात ते काय, तुम्हाला बायका किती. यंगने पंधरा हा आकडा सांगितला. ऑगस्टमध्ये हे सारे प्रश्न आणि उत्तरे, अशाच रूपात छापून आले, आणि वृत्तपत्रीय मुलाखतीच्या आरंभीच्या नमुन्यांत ते आजही गणले जाते. समोरचा माणूस साध्या, पातळ उन्हाळी कपड्यांत होता आणि त्याच्यात धर्मवेडाचा आव नव्हता, हे ग्रीलीने प्रामाणिकपणे लिहिले.

मात्र त्याच लेखनात त्याने आणखी एक निरीक्षण नोंदवले, आणि ते मला सगळ्या मुलाखतीहून मोलाचे वाटते. या शहरात एखादी स्त्री काही काम करू इच्छिते अशी पाटी मला रस्त्यात दिसली नाही, पत्रात तशी जाहिरात दिसली नाही, कोणी मॉर्मनाने बोलताना आपल्या बायकोचे मत सांगितले नाही, आणि एकाही मॉर्मन स्त्रीशी माझी ओळख करून देण्यात आली नाही, असे तो लिहितो. त्याने शिवीगाळ केली नाही, फक्त काय दिसले नाही ते सांगितले. तुझ्या खर्ड्यात बहुपत्नीत्वावर चार परिच्छेद आहेत, पण त्यांत एकाही स्त्रीचा आवाज नाही. तेव्हा ग्रीलीची ती तक्रार आज तुझ्या लेखालाही लागू पडते.

सॉल्ट लेक सिटीतील दोन वृत्तपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. 'डेझरेट न्यूज' १८५० मध्ये निघाले आणि ते चर्चच्याच मालकीचे आहे. 'सॉल्ट लेक ट्रिब्यून'चा उगम चर्चशी मतभेद झालेल्या मंडळींनी १८७० मध्ये काढलेल्या पत्रात आहे, आणि काही काळ ते कडवे विरोधक होते. १९५२ पासून २०२० पर्यंत दोघांची छपाई, जाहिराती आणि वितरण एकत्र चालले, तरी संपादकीय बाणा वेगळा राहिला. एकच घटना दोघांत वाचण्याची सवय लाव. ट्रिब्यूनला पत्रकारितेचे २०१७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले ते चर्चच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविषयीच्या बातम्यांसाठी: लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनींचीच आचारसंहितेखाली चौकशी होत असे, हे त्या मुली पुढे येऊन बोलल्यामुळे उघड झाले आणि विद्यापीठाला नियम बदलावे लागले. त्या बातम्यांत कोणाच्या श्रद्धेची टवाळी नव्हती, आणि त्यांना तिची गरजही पडली नाही.

पैशाचा विषय तू एका ओळीत उरकला आहेस: 'गडगंज संपत्ती असलेले चर्च'. असे विशेषण वापरू नकोस, त्याऐवजी कागद दाखव. डिसेंबर २०१९ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने एका माजी कर्मचाऱ्याच्या तक्रारीच्या आधारे चर्चच्या गुंतवणूक संस्थेकडे सुमारे १०० अब्ज डॉलर असल्याचे छापले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने, तेरा नामधारी कंपन्यांच्या आडून समभागांची माहिती दडवल्याबद्दल, त्या संस्थेला ४० लाख आणि चर्चला १० लाख डॉलर दंड केला. चर्चने चुकांबद्दल खेद व्यक्त केला आणि आपल्या दृष्टीने प्रकरण मिटल्याचे सांगितले. आता नीट पाहा: दंड श्रीमंतीबद्दल नाही, माहिती दडवण्याबद्दल आहे. हा फरक पुसला गेला की बातमी चुकीची होते आणि चर्चला खुलाशासाठी आयती जागा मिळते.

सदस्यसंख्येचेही तसेच आहे. १ कोटी ७० लाखांहून अधिक हा आकडा चर्चच्या नोंदवहीतला आहे. दर रविवारी उपासनेला येणाऱ्यांचा नाही. 'चर्चच्या नोंदीनुसार' हे दोन शब्द त्यामागे असू देत.

एक गोष्ट तुला उपयोगी पडेल. या पंथाचा भारताशी संबंध बंगळुरूपासून सुरू होत नाही. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटलंडचा मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याच्या लष्करी छावणीत प्रचार करू लागला. मुंबईच्या ग्रंथालयांत त्या काळातील इंग्रजी पत्रांचे अंक जपलेले आहेत. दोन दिवस काढ, १८५२ ते १८५५ ची पाने स्वतः उलटून बघ आणि जे सापडेल ते तारखेसह टिपून घे. तुझ्या लेखाची सुरुवात कदाचित तिथेच मिळेल.

बंगळुरूला गेलीस की चर्चच्या प्रवक्त्याला भेटशीलच; पण तेवढ्यावर परत येऊ नकोस. रविवारच्या उपासनेला परवानगी घेऊन मागच्या बाकावर बस आणि नंतर तिथल्या दोन-तीन बायकांशी त्यांच्या भाषेत बोल. चर्च सोडून गेलेले कोणी भेटले तर त्यांचेही ऐकून घे. त्यानंतर दुसरा खर्डा लिही आणि मला पाठव. मथळ्याची जागा कोरीच ठेव. तो आपण दोघे मिळून लिहू.

तुझा,
काका