विमानाचं सुकाणू विमानाला वळवतं का?

तुम्ही विचारलंय की बोटीचं सुकाणू विमानाला कधी आणि कोणी लावलं, आणि विमान बोटीसारखं त्यानेच वळतं का. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण खरी गंमत तिथे आहे. विमान वळतं ते पंख कलल्यामुळे. सुकाणू तिथे मदतनीस असतं.

आधी बोट. इजिप्तच्या जुन्या होड्यांना मागच्या बाजूला मोठी वल्ही बांधलेली असत, त्यांनीच दिशा धरायची. उत्तर युरोपात हे वल्हं उजव्या कडेला असे, म्हणून धक्क्याला डावी बाजू लावत. बोटीच्या मागे मधोमध बसवलेलं सुकाणू चीनमध्ये फार आधी आलं. ग्वांगझौच्या एका थडग्यात सापडलेल्या, इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या मातीच्या नावेवर ते स्पष्ट दिसतं. युरोपात बाराव्या शतकातल्या चर्चमधल्या कोरीवकामात, उदाहरणार्थ विंचेस्टरच्या बाप्तिस्म्याच्या दगडी पात्रावर, ते पहिल्यांदा नजरेस पडतं. पुढे जहाजं वाढली, दांडा हाताने रेटणं जड झालं आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दोर-कप्प्यांवर चालणारं चक्र आलं.

आता एक बारकावा. बोटसुद्धा नुसत्या सुकाणूच्या जोरावर वळत नाही. सुकाणू फक्त मागचा भाग एका बाजूला ढकलतं. त्यामुळे बोट पाण्यात तिरकी होते, मग पाणी तिच्या बुडालेल्या अख्ख्या कुशीवर दाब देतं आणि तो दाब तिला वळवतो. हवा पाण्यापेक्षा कितीतरी विरळ. विमानाच्या कुशीवर तेवढा दाब येतच नाही, त्यामुळे नुसतं सुकाणू फिरवलं की नाक वळतं, पण विमान बाजूला घसरत राहतं.

सुरुवातीच्या बहुतेक विमानकर्त्यांच्या डोक्यात मात्र जहाजच होतं. १३ जानेवारी १९०८ रोजी आंरी फार्मनने पॅरिसजवळ इसी-ले-मुलिनोला एक किलोमीटरची फेरी पुरी करून ५०,००० फ्रँकचं बक्षीस जिंकलं. त्याच्या व्हॉयझँ विमानात पंख कलवायची सोयच नव्हती. पंख सपाट ठेवून, सुकाणूवर भर देत त्याने तो मोठा घेर घेतला.

ऑर्विल आणि विल्बर हे राइट बंधू सायकली बनवणारे. वळताना सायकल कलते, तसं विमानही कललं पाहिजे हे त्यांनी आधीपासून धरलं होतं. त्यांच्या १९०० आणि १९०१ च्या ग्लायडरना, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांना, उभं शेपूट नव्हतंच. पंखांची टोकं पिळून कल साधायचा. पण घोळ झाला. जो पंख वर उचलला जातो त्यावर हवेचा अडथळाही वाढतो, तो मागे खेचला जातो आणि नाक नेमकं उलट्या बाजूला जातं. म्हणून १९०२ मध्ये त्यांनी मागे दोन उभे पडदे पक्के बसवले. त्याने फरक पडला, पण कधीकधी ग्लायडर कललेल्या बाजूला घसरायचं, पडदे त्याला आणखी गरगर फिरवायचे आणि पंखाचं टोक वाळूत रुतायचं. याला ते चेष्टेने विहीर खणणं म्हणत.

ऑक्टोबर १९०२ मधल्या एका रात्री, कॉफी जास्त झाल्याने झोप न आलेल्या ऑर्विलला सुचलं की शेपूट हलतं करावं, म्हणजेच त्याचं सुकाणू करावं. विल्बरने त्यात भर घातली: मग ते पंखांच्या पिळालाच जोडू, म्हणजे चालकाला वेगळं काही हाताळायला नको. पालथं झोपलेला चालक कंबर सरकवी आणि पंख व सुकाणू एकदम हलत. माझ्या मते विमानाचा खरा शोध हाच, इंजिन नंतरचं. त्यांनी पेटंटचा अर्ज मार्च १९०३ मध्ये केला, म्हणजे इंजिनवर उडण्याच्या कितीतरी महिने आधी, आणि तो या नियंत्रणाबद्दलच होता. १९०५ मध्ये त्यांनी ही जोडणी सोडवून सुकाणूचा दांडा वेगळा केला. ८ ऑगस्ट १९०८ ला विल्बरने फ्रान्समध्ये ल माँजवळ पंख कलवून सहज गिरक्या घेतल्या, तेव्हा फ्रेंच वैमानिक बघत राहिले.

आजही सुकाणूचं मुख्य काम तेच: वळताना नाक भरकटू न देणं. शिवाय आडव्या वाऱ्यात उतरताना नाक धावपट्टीच्या रेषेत आणायला, किंवा दोनपैकी एक इंजिन बंद पडलं तर विमान सरळ ठेवायला ते लागतं.

आता कोणी म्हणेल, खेळण्यातली रेडिओ विमानं तर नुसत्या सुकाणूवर वळतात. बरोबर, मी तशी बनवतो. पण त्यांचे पंख टोकांकडे वर उचललेले असतात. नाक डावीकडे वळलं की उजवा पंख पुढे येतो, त्याला हवा जास्त कोनात लागते, तो उचलला जातो आणि विमान डावीकडे कलतं. म्हणजे इथेही वळवणारा कलच. सपाट पंखांच्या मॉडेलवर हेच करून बघा: नाक वळेल, पण विमान बराच वेळ जुन्याच दिशेने घसरत जाईल.