आफ्रिकेतल्या छोट्या शेतकऱ्याला सहकारी संस्थेचा खरंच उपयोग होतो का? की तिथेही पुढारीच संस्था खातात?

तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही भागांचं उत्तर 'हो' असंच आहे. मी सहकारी बँकेत शेतीकर्जाचं काम पाहतो, त्यामुळे तिकडच्या संस्थांबद्दल मिळेल ते आवडीने वाचतो.

घानाचं उदाहरण घ्या. तिथे कोकोचा भाव सरकार ठरवतं आणि कुठल्याही खरेदीदाराला त्याहून कमी देता येत नाही. मग व्यापाऱ्याने जास्तीचे पैसे काढायचे कुठून? वजनातून. शेतकरी फळं फोडून बिया केळीच्या पानांत झाकून पाच-सहा दिवस आंबवतो, मग चटईवर पसरून आठवडाभर वर-खाली करत वाळवतो. एवढं करून ६४ किलोच्या गोणीला काटा मारला की सगळी मेहनत पाण्यात. आपल्याकडच्या ऊसवाल्यांना हे समजावून सांगायला नको.

सरकारने खरेदी खासगी कंपन्यांना खुली केल्यावर १९९३ मध्ये शेतकऱ्यांनी 'कुआपा कोकू' ही संस्था काढली. गावच्या सोसायटीत वजन करून नोंद ठेवणारा माणूस गावकरीच निवडून देतात. त्याला रोज याच लोकांत वावरायचं असतं, त्यामुळे काटा सरळ राहायला मोठी मदत होते. 'फेअरट्रेड' म्हणजे शेतकऱ्याला रास्त मोबदला देणाऱ्या प्रमाणित व्यापारातल्या विक्रीवर मिळणाऱ्या जादा रकमेतून विहिरी, शाळा अशी कामं झाली. १९९८ मध्ये लंडनमध्ये 'डिव्हाइन' चॉकलेट कंपनी निघाली, तिच्यातही या शेतकऱ्यांचे शेअर होते. मला मात्र चॉकलेटपेक्षा तो काटाच मोठा वाटतो.

इथिओपियात १९९९ मध्ये ओरोमिया कॉफी उत्पादकांचा संघ उभा राहिला. लिलावाचा फेरा चुकवून थेट निर्यात करायची मुभा संघांना मिळाली, आणि या संघाने नफ्याचा ७० टक्के वाटा गावच्या सोसायट्यांना परत द्यायचं धोरण ठेवलं. मधली दोन-तीन माणसं गळाली की असा पैसा सुटतो.

आता पुढाऱ्यांचं. टांझानियात किलिमांजारो डोंगराच्या उतारावरच्या चग्गा जमातीच्या शेतकऱ्यांचा कॉफी संघ १९३३ पासूनचा, म्हणजे आपल्या प्रवरानगरच्या कारखान्याच्याही आधीचा. १९७६ मध्ये सरकारने देशातले सगळे सहकारी संघ एका फटक्यात बरखास्त करून खरेदी सरकारी मंडळांकडे दिली. १९८२ च्या कायद्याने संघ परत आले खरे, पण सभासदांचा विश्वास अशा कायद्याने परत येत नाही. वरून लादलेल्या संस्थेला शेतकरी आपलं मानत नाही, आणि जिला तो आपलं मानत नाही तिचा हिशोब विचारायलाही जात नाही. संस्था खाणाऱ्यांचं फावतं ते इथेच.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र रोकड. हंगाम सुरू होतो तेव्हा पोरांची फी भरायची असते, घरात कोणी आजारी असतं. व्यापारी दारात येऊन रोख मोजतो, संस्था म्हणते पुढच्या महिन्यात या. पुढे बोनस मिळणार हे माहीत असूनही माणूस व्यापाऱ्यालाच माल घालतो, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून अशा संस्थांना ट्रॅक्टर किंवा प्रशिक्षण शिबिरं देण्याआधी हंगामाच्या तोंडावर खरेदीसाठी स्वस्त खेळतं भांडवल मिळायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.