सेप्टमध्ये एसी आहे का?

प्रश्न : सर, मुलगी बारावी सायन्सला आहे. आर्किटेक्टच व्हायचंय म्हणते, ते पण अहमदाबादच्या सेप्टमधूनच. कोल्हापुरात कॉलेज असताना एवढ्या लांब कशाला? तिथं एसी, कंप्युटर लॅब वगैरे सुविधा कशा आहेत?
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, आधी एसीचंच बोलू. सेप्टची ती जुनी नावाजलेली बिल्डिंग एसीवाचून भागावं अशीच बांधलीय. साध्या विटा नि काँक्रीट, उत्तरेकडनं उजेड घेणारे झरोके, त्यामुळं ड्रॉइंगवर ऊन येत नाही, आणि वारा आरपार जातो. ही बिल्डिंग बाळकृष्ण दोशींची, तिथलं आर्किटेक्चरचं स्कूल पण १९६२ साली त्यांनीच सुरू केलं. जन्म पुण्याचा, शिकले मुंबईत जेजेला, मग पॅरिसला ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध आर्किटेक्टकडं काम केलं आणि त्याच्याच कामांसाठी अहमदाबादला आले ते तिथलेच झाले. २०१८ ला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सगळ्यात मानाचा पुरस्कार मिळाला, भारतातला पहिला. स्कूलची युनिव्हर्सिटी झाली २००५ ला.

लायब्ररी मात्र नवी आहे, आर्किटेक्ट राहुल मेहरोत्रांनी केलेली, ते सेप्टचेच जुने विद्यार्थी. तिचे काही मजले जमिनीखाली आहेत, आपल्याकडं जुन्या वाड्यात तळघर गार लागतं ना, तसंच.

पण कुठलंही कॉलेज बघायला गेलात, इथलं असो नाहीतर तिथलं, तर लॅबमधले कंप्युटर मोजत बसू नका, स्टुडिओ रात्री उघडा असतो का आणि मॉडेल करायला लाकडाचं वर्कशॉप आहे का ते विचारा, पोरांची पाच वर्षं तिथंच जातात. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता तर बघाच, त्याशिवाय नावापुढं आर्किटेक्ट लावता येत नाही. फी आणि हॉस्टेलचा हिशोब घरी बसून आधीच करा, मॉडेलच्या सामानाला पण बक्कळ पैसा जातो (हे कुणी सांगत नाही).

आणि एक करा, तिला एका रविवारी टेप आणि वही देऊन खासबाग मैदानात न्या, कुस्ती नसताना. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात पार मागं बसलेल्याला पण आखाडा कसा दिसतो ते मापं घेऊन कागदावर काढायला सांगा. तासाभरात भूक लागली म्हणाली तर थोडं थांबा, आणि हाक मारून पण उठली नाही तर गपगुमान नाटाचा, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरा.