‘आमच्या घराण्यातच दात खराब’ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या प्रश्नांत एक वाक्य सारखं येतंय, ‘आमच्यात हे आनुवंशिकच आहे’. काहींच्या बाबतीत ते खरंय, बऱ्याच जणांच्या बाबतीत नाहीये, आणि दोन्हींचे उपाय पार वेगळे.

प्रश्न : नवरा, दीर, सासूबाई, सगळ्यांचे दात किडलेले. आता अडीच वर्षांच्या मुलीचे वरचे पुढचे चारही दात किडलेत. डॉक्टर चांदीचं औषध लावू म्हणतात, पण जीन्समधूनच आलं असेल तर काय उपयोग?

ताई, नक्की लावून घ्या. किडीत जीन्सचा वाटा असतो, 2019 मध्ये लाखो लोकांचा डीएनए बघून किडीशी संबंध असलेल्या 47 जागा सापडल्या, पण एकेकीचा परिणाम अगदी बारीक, आणि साखरच मिळाली नाही तर जंतू ॲसिड बनवणार कशातून? वरचे पुढचे चार दात किडलेत आणि खालचे चांगले असतील तर मला आधी रात्रीची दुधाची बाटली आठवते, कारण खालच्या दातांवर जीभ असते आणि वरचे दुधात भिजत राहतात. ती बाटली आजपासून बंद. त्या चांदीच्या औषधाने, म्हणजे सिल्व्हर डायमिन फ्लोराइडने, किडका भाग कायमचा काळा दिसेल पण कीड थांबवायला ते चांगलं आहे, ड्रिलिंग नाही, इंजेक्शन नाही, डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही 2021 पासून आहे. आणि फ्लोराइडवाली पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, ब्रश तुम्ही करून द्यायचा.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. वडील, मी, दोन्ही मुलं, सगळ्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे. मुलीच्या लग्नात अडचण नको, हा आनुवंशिक रोग आहे का?

काका, आधी शेजाऱ्यांचे दात बघा. त्याच हापशाचं पाणी पिऊन मोठे झालेल्यांचेही तसेच असतील तर हे रक्तातलं नाही, पाण्यातलं आहे. यवतमाळ, चंद्रपूर भागात काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात, त्याच्या वर नाही. दात हाडात तयार होत असतानाच, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत हे डाग बसतात, नंतर ते पाणी प्यायलं तर दातांवर नवे डाग येत नाहीत पण हाडांना त्रास होऊ शकतो. खरंच आनुवंशिक असलेला एनॅमलचा, म्हणजे दातावरच्या कडक आवरणाचा आजारही आहे, त्यात बहुतेकदा दुधाचे दातसुद्धा खराब येतात, फ्लोराइडने दुधाचे दात क्वचितच बिघडतात. पाणी तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. आरओ चालतं, तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धतही चालते, ती आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच तयार केलीय. मुलीच्या लग्नाआड हे अजिबात येऊ देऊ नका.

प्रश्न : (जळगावहून एक आई) मुलगा चार वर्षांचा, एकूण पाचच दात, तेही टोकदार. केस विरळ, घाम येत नाही, उन्हाळ्यात सारखा ताप. सासरचे म्हणतात माझ्याकडून आलं.

हे वाचून मी थांबलो, कारण इथे दात ही दुसऱ्या नंबरची गोष्ट आहे. पहिली गोष्ट, त्याला उन्हापासून सांभाळा. घाम नसल्याने अंग थंड होत नाही, म्हणून ताप, आणि तो जिवावर बेतू शकतो. ओला टी-शर्ट, कूलर, दुपारी बाहेर नाही, शाळेला लिहून द्या. लक्षणांवरून हे एक्टोडर्मल डिस्प्लेझिया वाटतंय, म्हणजे केस, दात, घामाच्या ग्रंथी जन्मापासूनच नीट न बनण्याचा आजार, जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडून ईडीए जीनची तपासणी करून घ्या. हा आजार नवा नाही. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमधल्या एका हिंदू घराण्याबद्दल डार्विनने 1875 मध्ये लिहिलंय, चार पिढ्यांत दहा पुरुषांना मोजकेच दात, केस कमी, उन्हाचा त्रास, मुलींना काही नाही पण त्यांच्या मुलांना परत तेच. जीन एक्स क्रोमोसोमवर असतं, मुलींकडे एक्स दोन असल्याने एक सांभाळून घेतो, मुलांकडे एकच, म्हणून असं होतं, आणि कधीकधी बदल मुलातच नव्याने झालेला असतो. आईकडून आला तरी त्यात आईचा दोष कसला? कुठलं जीन द्यायचं हे कोणी ठरवतं का? हे सासरी माझ्या नावाने वाचून दाखवा.

उपचार म्हणजे आत्ता छोटी कवळी, ती या वयातही बसवता येते आणि मूल जेवायला, बोलायला लागतं, इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून लावलेला दात, शक्यतो वाढ पूर्ण झाल्यावर. पुढचं बाळ हवं असेल तर आधीच सांगा. जर्मनीत एर्लांगेनला होल्म श्नायडर यांच्या टीमने कमी असलेलं प्रोटीन गर्भजलात इंजेक्शनने दिलं, जुळे आणि आणखी एक अशी तीन मुलं, आणि ती मुलं व्यवस्थित घामेजली. 2018 मध्ये हे छापून आलं, पुढे मोठी चाचणीही सुरू झाली. जन्मलेल्या मुलासाठी ते औषध नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो.

प्रश्न : जपानमध्ये दात उगवायचं औषध आलंय म्हणे. शुगरमुळे माझ्या तीन दाढा गेल्या, इम्प्लांट थांबवू का?

थांबवू नका. यूएसएजी-1 नावाचं प्रोटीन दाताची वाढ रोखतं, त्याला अडवणारी अँटिबॉडी आहे ती, उंदरांत आणि फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यात दात आले, आणि 2024 मध्ये क्योटोत दाढ नसलेल्या पुरुषांवर पहिली चाचणी सुरू झाली, ती सुद्धा औषध सुरक्षित आहे का एवढंच बघायला. पुढे पहिला नंबर जन्मतःच दात नसलेल्या मुलांचा आहे. तोवर तुमचं हाड झिजेल. शुगर आटोक्यात आणा आणि काम करून घ्या.

प्रश्न : पावणेदोन वर्षांच्या बाळाचा दात मुळासकट निघाला. पडला नाही, लागलं नाही, रक्तही फारसं नाही. आजी म्हणते लवकर आला म्हणून लवकर गेला.

आजींचा मान ठेवून सांगतो, हे साधं नाहीये. दुधाचा दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतो तेव्हा मूळ विरघळलेलं असतं. अख्ख्या मुळासकट आला म्हणजे दाताला हाडाशी धरून ठेवणारा थर नीट बनला नसेल, हायपोफॉस्फॅटेशियामध्ये असं होतं, त्यात एएलपीएल जीन बिघडलेलं असतं आणि हाडंही कमजोर राहतात. रक्तात अल्कलाइन फॉस्फॅटेज, म्हणजे या जीनपासून बनणारं एन्झाइम तपासा आणि आकडा बाळाच्या वयाच्या रेंजशी ताडून बघायला सांगा, कारण लहान मुलांत तो मुळातच जास्त असतो, मोठ्यांच्या रेंजमध्ये ‘नॉर्मल’ छापून येईल आणि सगळे निवांत होतील. कमी आला तर मुलांच्या एंडोक्राइन (हार्मोन्सच्या) डॉक्टरांकडे जा, मनाने कॅल्शियम किंवा व्हिटॅमिन डी सुरू करू नका. हाडांसाठी एन्झाइमचं इंजेक्शन 2015 पासून काही देशांत मंजूर आहे. तळहात-तळपायांची कातडी जाड, सालपटं निघणारी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तो वेगळा आजार असू शकतो. आणि निघालेला दात टाकू नका, कोरड्या डबीत ठेवून सोबत न्या.