खडा कॅल्शियमचा, मग कॅल्शियम बंद करायचं ना?

प्रश्न: माझ्या भावाला क्रोन्सचा आजार (आतड्याला वारंवार सूज येणारा) आहे, लहान आतड्याचा शेवटचा भाग ऑपरेशन करून काढलाय आणि जुलाब अधूनमधून चालूच असतात. दोनदा मुतखडा झाला, आता रक्तातलं क्रिएटिनिनपण वाढलंय, म्हणजे किडनीचं काम कमी झालंय. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला म्हणून आम्ही दूध, दही, कॅल्शियमच्या गोळ्या सगळं बंद केलं, तर डॉक्टर म्हणतात उलट जेवताना कॅल्शियम घ्या! पोटाचं दुखणं किडनीवर जातंच कसं?

उत्तर: ताई, डॉक्टर बरोबर सांगतायत, कॅल्शियम त्यांना विचारून आधी परत सुरू करा.

आपल्या खाण्यात ऑक्झलेट नावाचा घटक असतोच, एरवी आतड्यातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. भावाचं आतडं कापलंय, फॅट पचवायला लागणारे पित्ताचे क्षार परत शोषले जात नाहीत, म्हणून फॅट नीट पचत नाही, आणि हे न पचलेलं फॅट कॅल्शियमला चिकटून बसतं. मग ऑक्झलेट मोकळंच राहतं, मोठ्या आतड्यातून रक्तात शिरतं आणि तिथून किडनीत. त्यात तिथे पोचलेल्या पित्तक्षारांमुळे मोठ्या आतड्याचं अस्तर ऑक्झलेटला आणखीच सहज आत सोडतं. म्हणजे कॅल्शियम बंद केलं की ऑक्झलेटला रान मोकळं. फॅट न पचणाऱ्या कुठल्याही आजारात हे होऊ शकतं, स्वादुपिंडाची जुनी सूज असो की वजन कमी करायची बायपास सर्जरी. गंमत म्हणजे मोठं आतडं काढून पोटावर पिशवी लावलेल्यांना हा त्रास सहसा होत नाही, त्यांना युरिक ॲसिडचे खडे होतात.

जुलाबात पाणी आणि बायकार्बोनेट (शरीरातलं आम्ल आटोक्यात ठेवणारा क्षार) जातं, लघवी कमी आणि घट्ट होते, खडा रोखणारं सायट्रेटही घटतं. पण मला खड्यापेक्षा जास्त काळजी क्रिएटिनिनची वाटते, कारण ऑक्झलेटचे बारीक स्फटिक किडनीच्या नळ्यांमध्ये साचून सूज आणि व्रण करतात, तेही काही न दुखता. बरं, अशा पेशंटचे स्नायू अनेकदा झडलेले असतात त्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी दिसतं, किडनी खराब होत असली तरी रिपोर्ट नॉर्मल वाटू शकतो, सिस्टॅटिन सी (किडनीचीच रक्ततपासणी, पण स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली) करता येईल का विचारा.

24 तासांच्या लघवीची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, ऑक्झलेट साधारण 40-45 मिलिग्रॅमच्या आत असायला हवं. कॅल्शियम जेवणासोबतच, उपाशीपोटी घेतलं तर ते ऑक्झलेटला धरणार कुठे? पालक, बीट, बदाम कमी, तेल-तूपही कमी, पण आधीच बारीक असेल तर डाएटिशियनला विचारल्याशिवाय फॅट तोडू नका. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या नकोत, शरीरात त्याचंही ऑक्झलेट बनतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या पेनकिलर स्वतःहून तर अजिबात नकोत. पाणी किती प्यायचं आणि पोटॅशियम सायट्रेट चालेल का हे मात्र क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघूनच ठरतं, दुसऱ्या कुणाचं प्रिस्क्रिप्शन बघून सुरू करू नका.

आणि कंबरेत कळ येऊन थंडी-ताप भरला किंवा लघवी एकदम बंद झाली तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी हॉस्पिटल गाठा.