पक्ष्यांसाठी पेरलं तर सरकार पैसे देतं?

प्रश्न: भाचा इंग्लंडात नोकरीला आहे, तो म्हणतो तिथले शेतकरी चक्क पक्ष्यांसाठी पीक उभं ठेवतात आणि वर सरकार पैसे देतं. पारावर सांगितलं तर सगळे हसले. खरं आहे का? आणि असेल तर आपल्याकडे का नाही?
– एक वाचक, ता. फलटण

उत्तर: भाचा खरं बोलतोय दादा, हसू द्या हसणाऱ्यांना. २००५ ला तिथे एक योजना आली, हिशोब सोपा होता, हेक्टरी ३० गुण जमवा आणि वर्षाला हेक्टरी ३० पौंड घ्या, करार ५ वर्षांचा. गुण कशाचे तर कुंपणाची झुडपं दरवर्षी न छाटणं, ओढ्याकडेला गवताचा पट्टा सोडणं, असली कामं. बुडालेलं उत्पन्न अधिक झालेला खर्च असा दर धरतात, म्हणजे आयतं काही मिळत नाही.

मला त्यातलं चंडोलाचं प्रकरण फार आवडतं. तिकडचा गहू हिवाळ्याआधी पेरलेला, मे-जूनपर्यंत इतका दाट होतो की चंडोलाला खाली उतरायला, किडे टिपायला जागाच राहत नाही आणि दुसऱ्या विणीची बोंब होते. मग पेरतानाच ट्रॅक्टरवाला पेरणीयंत्र जरा उचलतो, थोडं पुढे जाऊन परत टेकवतो, झालं, मधे चार बाय चार मीटरचा तुकडा मोकळा. हेक्टरी असे दोन. एवढ्याने गव्हाचं कितीसं जातंय!

ब्रेक्झिटनंतर जमिनीच्या मापावर मिळणारं जुनं अनुदान त्यांनी हळूहळू बंद करायला घेतलं (ज्याची जमीन जास्त त्याला पैसा जास्त, हे आपल्यालाही ओळखीचं आहे) आणि कामावर पैसे सुरू केले. २०२४ च्या दरात पक्ष्यांसाठी हिवाळी दाणा ठेवला तर हेक्टरी ८५३ पौंड. मग काय, काहींनी जवळजवळ सगळं रानच त्यात घालायला काढलं, सरकारला अशा काही कामांवर जमिनीच्या २५ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. आणि ११ मार्च २०२५ ला बजेट संपलं म्हणून नवे अर्ज त्याच दिवशी संध्याकाळी बंद, चालू करार तेवढे राहिले. ज्याने पुढच्या वर्षीचं पीक या भरवशावर ठरवलं होतं त्याने काय करायचं? माझ्या मते दर कमी असला तरी चालेल, पण शब्द दहा वर्षांचा पाहिजे.

आता आपल्याकडचं. पीएम किसानचे ६००० आणि नमो शेतकरीचे ६००० खात्यात येतात, तुम्ही बांधावरची बोर-बाभूळ राखा नाहीतर तोडा, त्याच्याशी संबंध नाही. नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानात एकरी वर्षाला ४००० आहेत पण तेही दोनच वर्षं, तेवढ्यात माती कशी सुधारायची.

दोन एकरवाल्याला पाव रान सोडा म्हणणं चुकीचंच. पण बांध तर आहे ना. इंग्लंडात २०२४ च्या दरात कुंपणाची झुडपं नीट राखली की एका बाजूचे वर्षाला दर १०० मीटरला १३ पौंड होते, तसंच इथे बांधाच्या मीटरवर द्यावं, निदान बांध कोरायची खाज तरी कमी होईल. अडचण एकच, बांध दोघांचा, अर्जावर सह्या दोघांच्या लागणार, आणि सातबारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर पैसे नक्की कोणत्या चुलत्याच्या खात्यात टाकायचे हे आधी ठरवावं लागेल.